सुटे कंपोनंट घ्यावेत की एकच रिसीव्हर? १२ बाय १६च्या हॉलसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या गंगापूर रोडला फ्लॅट, १२ बाय १६ फुटांचा हॉल, स्पीकरसकट सगळं मिळून एक लाखाचं बजेट. घरात जुना टर्नटेबल आणि एलपी आहेत, टीव्ही आहे, बाकी गाणी मोबाईलवरून. ऐकणं बहुतेक रात्री, शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. दुकानदार सात चॅनेलचा एव्ही रिसीव्हर (टीव्हीचं चित्र आणि सात स्पीकरचा आवाज एकाच डब्यातून चालवणारा) पुढे करतोय, मित्र म्हणतो प्री (सोर्स निवडणारा आणि आवाज कमीजास्त करणारा भाग) आणि पॉवर (स्पीकरना जोर देणारा भाग) वेगळे घे, नाहीतर पस्तावशील. शिवाय अमेरिकेतून येणारा भाचा तिकडचा एखादा जुना रिसीव्हर आणायला तयार आहे.

तिन्ही सल्ले बाजूला ठेवा. तुमच्या हॉलला आणि पैशाला योग्य वस्तू म्हणजे दोन चॅनेलचा इंटिग्रेटेड (प्री आणि पॉवर एकाच डब्यात असलेला) अ‍ॅम्प्लिफायर: आत फोनो (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट), मागे एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज अ‍ॅम्पकडे आणणारी जोडणी), प्री-आउट (बाहेरच्या पॉवर अ‍ॅम्पसाठी) आणि सबवूफर (खर्जाचा वेगळा स्पीकर) आउट. रेडिओ हवाच असेल तर याच घडणीचा स्टिरिओ रिसीव्हर. इंटिग्रेटेडमध्ये ट्यूनर घातला की त्यालाच रिसीव्हर म्हणतात. मोबाईलवरची गाणी मात्र अ‍ॅम्पमधल्या नेटवर्कवर सोपवू नका, त्यासाठी बाहेर छोटा स्ट्रीमर (वाय-फायवरून गाणी घेणारा डबा) लावा. हा फरक का करायचा ते नीट समजून घ्या, कारण निवडीचा खरा मुद्दा तोच आहे.

"सुटे म्हणजे दर्जा, एकत्र म्हणजे तडजोड" हा हिशेब महागड्या गटात थोडाफार खरा ठरतो. लाखाच्या आत तो उलटा पडतो. प्री, पॉवर, फोनो आणि डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा) असे चार सुटे डबे घेतलेत तर चार कॅबिनेट, चार पॉवर सप्लाय आणि आरसीए केबलच्या तीन जोड्या यांचे पैसे तुम्हीच भरता. आवाज घडवणाऱ्या सर्किटला त्यातलं किती उरतं ते बघा. त्यापेक्षा कोणता भाग किती वर्षांनी जुना होणार, यावरून काय एकत्र घ्यायचं आणि काय सुटं ठेवायचं ते ठरवा. अ‍ॅम्प्लिफायरचं काम पन्नास वर्षांत बदललेलं नाही. १९७५चा आरसीए सॉकेट आजच्या डॅकला बिनतक्रार जोडला जातो आणि नीट ठेवलेला अ‍ॅम्प पंचवीस वर्षं चालतो. एचडीएमआयचं तसं नाही. एआरसी २००९मध्ये १.४ आवृत्तीबरोबर आलं, ईएआरसी (त्याचीच सुधारित आवृत्ती) २०१७मध्ये २.१बरोबर. २०१०च्या आसपासचा एव्ही रिसीव्हर आजच्या ४के सेट-टॉप बॉक्सचं ६० फ्रेमचं चित्र पुढे पाठवू शकत नाही. त्याचा अ‍ॅम्प ठणठणीत असतो, तरी मालक तो मिळेल त्या भावाला काढून टाकतो. नेटवर्कचं आयुष्य तर त्याहून कमी: कंपनीने अ‍ॅपचा सपोर्ट थांबवला की पुढच्या पॅनेलवरचं ते बटण नुसतं शोभेचं. म्हणून जे टिकतं ते एका डब्यात घ्या आणि जे लवकर शिळं होतं ते पाच-सहा हजारांचं बाहेर ठेवा, म्हणजे बदलताना जीव जाणार नाही. स्टिरिओ अ‍ॅम्पमधल्या एआरसीची फारशी काळजी नको. त्यातून फक्त आवाज येतो, चित्र जात नाही. ते बंद पडलंच तर टीव्हीची ऑप्टिकल केबल आहे.

वॅटचा प्रश्न आधी मिटवून टाकू, कारण मित्राचा निम्मा युक्तिवाद त्यावर उभा असणार. ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा ८ ओहमचा स्पीकर धरा. त्याला १ वॅट दिला की १ मीटरवर ८७ डेसिबल मिळतात. तुम्ही साधारण ३ मीटरवर बसणार. मोकळ्या मैदानात तिथे साडेनऊ डेसिबल कमी झाले असते, बंद हॉलमध्ये भिंती आवाज परत देतात म्हणून पाच-सहाच होतात. स्पीकर दोन आहेत, त्याचे ३ परत मिळतात. म्हणजे दोन्ही स्पीकरना एकेक वॅट गेला की सोफ्यावर ८४च्या आसपास. रात्री घरातले झोपलेले असताना ७० डेसिबल सरासरी पुष्कळ झाली. तिला लागतात ०.०४ वॅट. तबल्याची थाप सरासरीच्या २० डेसिबल वर उसळली तरी ४ वॅट. दिवसा मोठ्याने, ८० सरासरी आणि १००ची उसळी धरली तर ४० वॅट. खरे ५०-६० वॅट देणारा अ‍ॅम्प तुमच्या हॉलला पुरून उरतो. ५०चे १०० वॅट केले तर वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात.

"खरे" हा शब्द मुद्दाम घातलाय. अमेरिकेत १९७४मध्ये सरकारला पॉवरच्या दाव्यांसाठी नियम करावा लागला, इतकी तिथे फेकाफेक चालली होती. आपल्याकडे टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवरचं पीएमपीओ (फुगवून सांगितलेले वॅट) आठवत असेलच. एव्ही रिसीव्हरवरचा "१५० वॅट" हा आकडा पुष्कळदा ६ ओहमला, १ किलोहर्ट्झला, एकच चॅनेल चालू असताना आणि १० टक्के डिस्टॉर्शनला (आवाजातल्या विकृतीला) मोजलेला असतो. माहितीपत्रकात ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनेल चालू, ०.१ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन, अशी ओळ शोधा. त्याच यंत्राचा आकडा तिथे ८०वर आलेला दिसेल. ती ओळच नसेल तर त्या माहितीपत्रकावर पैसे लावू नका.

सुट्या डब्यांच्या अडचणी दुकानात दिसत नाहीत, घरी दिसतात. पहिली म्हणजे हम. तीन पिनांचे दोन डबे आरसीएने जोडले की अर्थचा एक फेरा तयार होतो, त्यात केबल टीव्हीची वायर आली की फेरा मोठा होतो आणि स्पीकरमधून ५० हर्ट्झची घूं सुरू होते. शोधायची पद्धत सोपी आहे: आधी सेट-टॉप बॉक्सची गोल केबल काढा, मग एकेक सोर्स. ज्या क्षणी घूं थांबली तो दोषी. सगळे डबे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. प्लगची अर्थ पिन मात्र कोणी सांगितलं तरी तोडायची नाही. पंचवटीतल्या किंवा जुन्या गावठाणातल्या वाड्यांत अर्थिंगचं भोक असतं आणि मागे वायरच नसते. मल्टिमीटरने बघा: फेज ते अर्थ २३०च्या जवळ, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तसं नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

दुसरी अडचण गेनची, म्हणजे सिग्नल किती पटीने वाढतो त्याची. डॅक २ व्होल्ट देतो, बहुतेक पॉवर अ‍ॅम्प १ ते दीड व्होल्टलाच पूर्ण जोर लावतात. मध्ये गेन देणारा प्री आला की व्हॉल्यूमची घुंडी घड्याळाच्या आठ ते नऊच्या काट्यातच फिरते. तिथे स्वस्त व्हॉल्यूम कंट्रोलचे दोन्ही चॅनेल सारखे चालत नाहीत, रात्रीच्या आवाजाला गायक मधून सरकून डाव्या स्पीकरला चिकटतो आणि माणूस स्पीकरला दोष देत बसतो. इंटिग्रेटेडमध्ये हा मेळ कारखान्यात घातलेला असतो. शिवाय व्हॉल्व्हचा प्री आणि क्लास-डी पॉवर अशी जोडी लावलीत तर इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) बघावा लागतो: पॉवरचा इनपुट इम्पिडन्स प्रीच्या आउटपुट इम्पिडन्सच्या किमान दहापट हवा, नाहीतर खालचे स्वर पातळ होतात. चालू करण्याचाही क्रम आहे. सोर्स, मग प्री, शेवटी पॉवर. बंद करताना उलटा. घरात कोणीतरी हा क्रम चुकवणारच, आणि तेव्हा स्पीकरमध्ये जो "धप्" होतो तो ट्वीटरला (वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरला) मानवत नाही.

प्री-आउट का मागितला? उद्या मोठ्या घरात गेलात किंवा जड स्पीकर आले तर तेवढा पॉवर अ‍ॅम्प बाहेरून जोडता येतो आणि जुना डबा प्री म्हणून राहतो. मित्राची हौस तेव्हा भागवता येईल. सुटे लगेच घ्यावेत अशी परिस्थिती असते, नाही असं नाही: ४ ओहमचे, ८४-८५ डेसिबलचे स्पीकर, २० फुटांच्या वरचा हॉल, किंवा टर्नटेबलला एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा भाग. एमसी ०.२ ते ०.५ मिलिव्होल्टच देतं, त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन आणि साधारण १०० ओहमचा लोड लागतो. अ‍ॅम्पमधला साधा फोनो ५ मिलिव्होल्ट, ४७ किलोओहमच्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजसाठी असतो आणि त्याचा गेन ४० डेसिबलच्या जवळपास. जुन्या टर्नटेबलला बहुधा एमएमच असेल, तेव्हा वेगळा फोनो नको.

टर्नटेबल जोडताना दोन गोष्टी चुकतात. आरसीएबरोबर आलेली बारीक अर्थ वायर अ‍ॅम्पच्या जीएनडी स्क्रूला लावायची राहते, आणि मग हमचं खापर अ‍ॅम्पवर फुटतं. दुसरी चूक नव्या टर्नटेबलमध्ये होते, कारण त्यांच्या मागे फोनो/लाइन असा स्विच असतो. स्विच लाइनला आणि केबल फोनोत असेल तर आवाज फाटतो. स्विच फोनोला आणि केबल ऑक्समध्ये असेल तर आवाज अगदी बारीक, पत्र्यासारखा, खर्जाशिवाय येतो. सुई मात्र वाजवण्याआधीच बदला. पंधरा-वीस वर्षं पडून राहिलेल्या सुईचं रबर कडक होतं आणि ती एलपीची खाच खरवडते. सुईवरचं वजन कार्ट्रिजच्या कागदाप्रमाणे, बहुतेक एमएमना दीड ते दोन ग्रॅम. एलपींच्या ढिगात ७८च्या तबकड्या सापडल्या तर त्या या सुईने वाजवू नका, त्यांची खाच बरीच रुंद असते आणि सुई वेगळी लागते.

टीव्हीसाठी एआरसी हवं ते एवढ्यासाठी की टीव्हीच्याच रिमोटने अ‍ॅम्पचा आवाज कमीजास्त होतो. ऑप्टिकलने बहुधा होत नाही, आणि दोन रिमोट घरात कोणी सांभाळत नाही. टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टलाच केबल लावा, सीईसी (एका रिमोटने दोन्ही चालवायची सोय) चालू करा आणि डिजिटल ऑडिओ आउटपुट पीसीएमवर (साधा, न दाबलेला डिजिटल आवाज) ठेवा. तो "ऑटो" किंवा "बिटस्ट्रीम"वर राहिला तर टीव्ही डॉल्बी पाठवतो, स्टिरिओ अ‍ॅम्पला तो कळत नाही आणि आवाजच येत नाही. नव्या अ‍ॅम्पबद्दल "डेड आला" ही तक्रार पुष्कळदा एवढ्याशा सेटिंगमुळे होते. टीव्हीला ब्लूटूथ वापरू नका, ओठ आणि शब्द जुळत नाहीत.

दुकानदाराच्या सात चॅनेलबद्दल न्यायाने बोलायचं तर त्यात एक गोष्ट खरोखर कामाची असते: सबवूफर असेल तर ८० हर्ट्झखालचं तो सबला आणि वरचं स्पीकरना नीट वाटून देतो आणि खोलीनुसार आवाज दुरुस्त करतो. बहुतेक स्टिरिओ अ‍ॅम्पचा सब-आउट नुसता खालचा भाग सबला देतो, मुख्य स्पीकरवरचा भार हलका करत नाही. सिनेमे जास्त बघत असाल आणि पाच स्पीकर खरंच लावणार असाल तर एव्ही रिसीव्हर घ्या. दोन स्पीकरसाठी पाच चॅनेल विकत घेऊन गप्प बसवणं परवडत नाही.

आता भाच्याचा रिसीव्हर. तिथला वीजपुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. मागे व्होल्टेज सिलेक्टर नसेल तर इथे थेट लावताक्षणी तो गेला. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर मागच्या पट्टीवरच्या वॅटच्या दुप्पट व्हीएचा. तो स्वतः काही किलोंचा असतो आणि बारीक गुंगुं करतो. व्होल्टेज उतरलं तरी फ्रिक्वेन्सी ५०च राहते, त्यामुळे ६०साठी बेताने बांधलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर वीस टक्के जास्त ताण येतो आणि तो जास्त तापतो. रेडिओचं आणखी वेगळंच. अमेरिकेत एफएम स्टेशनं ९३.५, १०१.३ अशा विषम दशांशांवरच असतात आणि तिकडचे बरेच डिजिटल ट्यूनर त्याच पायऱ्यांनी चढतात. आपलं आकाशवाणी नाशिक १०१.४वर. काटा १०१.३वरून थेट १०१.५वर जातो, मधलं लागतच नाही. लागलं तरी डी-एम्फसिस (रेडिओत वरचे स्वर खाली आणण्याचं प्रमाण) तिथे ७५ मायक्रोसेकंद, इथे ५०, म्हणून आवाज जरा दबलेला. जपानी सेटचा एफएम पट्टा तर ७६पासून ९०-९५वर संपतो, १०१ त्यात नाहीच. आणि तिकडून टर्नटेबल आणायचं म्हणत असेल तर मोटर विचारा: एसी सिंक्रोनस (विजेच्या फ्रिक्वेन्सीवर वेग ठरणारी) असेल तर ५० हर्ट्झवर ३३चा वेग जवळजवळ २८वर येतो आणि काळी चारमध्ये गायलेलं पद पांढरी चारमध्ये ऐकू येतं. त्याच्याकडून काही मागवायचंच असेल तर टर्नटेबलची सुई मागवा. तिला व्होल्टेज नसतं.

इथलाच जुना रिसीव्हर मिळत असेल तर तपासून घ्यायला हरकत नाही. पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब लावा, एलईडी चालणार नाही. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, ढणढण पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, पुढे जाऊ नका. मग स्पीकर न जोडता स्पीकर टर्मिनलवर डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. आवाज अगदी कमी ठेवून दहा मिनिटं ऐका. एक बाजू गायब होऊन आवाज वाढवल्यावर परत येत असेल तर स्पीकर रिलेचे कॉन्टॅक्ट काळे पडलेत. हे स्वस्तातलं काम आहे. मागे प्री-आउट आणि मेन-इन जोडणारे यू आकाराचे जंपर असतील तर ते आहेत ना बघा. ते हरवले म्हणून "मेलेला" अ‍ॅम्प भंगारात जातो. आउटपुटला एसटीके आयसी (पॉवर सर्किट एकाच चिपमध्ये) असेल तर भाव पाडून मागा, कारण बाजारात त्याचे बनावट फार. सुटे ट्रान्झिस्टर असलेला अ‍ॅम्प कुठलाही जाणता मेकॅनिक उभा करतो. एव्ही रिसीव्हरचा एचडीएमआय बोर्ड गेला तर दुरुस्तीचा खर्च ऐकूनच लोक नाद सोडतात.

नव्या मालाबाबत पैसे देण्याआधी एकच विचारा: वॉरंटीतली दुरुस्ती नाशिकमध्ये होते, की मुंबई-पुण्याला पाठवावी लागते? पाठवावी लागत असेल तर खोकं आणि आतलं थर्माकोल माळ्यावर जपून ठेवा. अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर एका बाजूला असतो आणि कुरिअरमध्ये आपटला की सगळं चेसिस वाकतं. त्यापेक्षा पंचवटी एक्स्प्रेसमध्ये पायाशी ठेवून नेलेला बरा.

घरातल्या जागेचा विचार अ‍ॅम्प आणण्याआधी करा. सुताराकडून करून घेतलेलं टीव्ही युनिट सहसा १४-१५ इंच खोल असतं. अ‍ॅम्प त्याच्यातच १४-१५ इंच घेतो, मागे केबल वळायला दोन-अडीच इंच हवेत. १८ इंच खोली, वर ४ इंच मोकळी जागा आणि मागची प्लाय कापलेली, एवढं असेल तरच तो आत ठेवा. काच लावून बंद केलेला अ‍ॅम्प मे महिन्यात प्रोटेक्टवर (तापून आपोआप बंद) जाणारच. इन्व्हर्टरच्या लाइनवर तो लावू नका, निदान इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर नाहीच. महावितरणच्या २३० व्होल्टची शिखरं ३२५ व्होल्टला पोचतात, स्क्वेअरची २३०च्या आसपासच राहतात. आतला सप्लाय शिखरावर भरतो, त्यामुळे पॉवर जवळजवळ निम्मी होते आणि ट्रान्सफॉर्मर खरखरतो.

पैसे साधारण असे वाटा: स्पीकर ४५ हजार, अ‍ॅम्प ३५, स्टँड आणि तार ८, स्ट्रीमर ६, सुई आणि टर्नटेबलची डागडुजी ६. तार म्हणजे इलेक्ट्रिकच्या दुकानातली २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची फ्लेक्झिबल. ५ मीटर अंतराला जाऊन-येऊन ०.०७ ओहम होतात, ८ ओहमच्या स्पीकरपुढे ते काहीच नाही. मीटरला हजार रुपये मागणाऱ्या तारेला नमस्कार करा.

उरलेलं काम खोलीचं. १६ फूट लांबीला ३५ आणि १२ फूट रुंदीला ४७ हर्ट्झच्या आसपास खालचे स्वर फुगतात, म्हणून स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका, मागच्या भिंतीपासून फूटभर पुढे घ्या. व्हिट्रिफाइड टाइल आणि मोकळ्या भिंती असतील तर टाळी वाजवून बघा. झणझणीत पडसाद आला तर स्पीकर आणि सोफ्याच्या मध्ये जाड सतरंजी आणि एका बाजूला जड पडदा टाका. जादा पाच हजारांच्या डॅकने जो फरक पडत नाही तो याने पडतो.

अ‍ॅम्प घरी आला की बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत रात्री अकरानंतर, पंखा बंद करून, काहीही न वाजवता व्हॉल्यूम नेहमीच्या जागी ठेवा आणि स्पीकरपासून हातभर अंतरावर कान न्या. बारीक सळसळ चालेल, घूं चालणार नाही. मग फोनोवर जा. तिथे सळसळ थोडी वाढेल, तेवढं धरून चालायचं. दोन तास वाजवून वरच्या झाकणावर तळहात ठेवा. दहा सेकंद ठेवता आला नाही तर आधी हवा खेळायला जागा करून परत बघा, आणि तरीही तसाच तापत असेल तर तो डबा बदलून घ्या.